जुना गेमबॉय (निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम) उघडला तर आत काय दिसतं, आणि लेकीसोबत उघडावा का?

नक्की उघडा! मी माझ्या भाच्यासोबत १९८९ वाला जाडजूड गेमबॉय उघडला होता, तेव्हाचा त्याचा चेहरा अजून आठवतो. आधी सेल आणि कार्ट्रिज (गेमची खोचायची डबी) काढा, मागचे स्क्रू तीन पाकळ्यांचे असतात, त्याला ट्राय-विंग ड्रायव्हरच लागतो, साध्या पेचकसाने झटापट केली की डोकी झिजतात आणि मग बसा. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत विचारा, नाहीतर ऑनलाईन मागवा. दोन स्क्रू सेलच्या खाचेत लपलेले असतात, ते विसरून ओढू नका.

आणि हो, उघडताना हळूच, कारण पुढच्या आणि मागच्या बोर्डाला एक पातळ रिबन केबल जोडते, पुस्तकासारखं उघडायचं आणि ती केबल सॉकेटमधून सरळ बाहेर काढायची. मागच्या बोर्डावर शार्प कंपनीची मुख्य चिप, साधारण ४.१९ मेगाहर्ट्झची, आणि शेजारी मेमरी, कामाची फक्त ८ केबी!! एवढ्याशात अख्खा गेम पळायचा, हे मुलीला आवर्जून सांगा, फोनच्या जमान्यात हे फार भारी वाटतं. पुढच्या बोर्डावर १६० बाय १४४ पिक्सेलचा स्क्रीन, आणि बटणांखाली रबराचा पडदा असतो, त्यातली काळी टिकली बोर्डावरच्या पट्ट्यांना टेकली की सर्किट जोडलं जातं, बटण दाबणं म्हणजे एवढंच.

सेलच्या पत्र्यावर हिरवट-पांढरा थर असेल तर कापसाच्या इअरबडवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या. स्क्रू वाटीत ठेवा.