रशियन अभिजात कादंबऱ्यांतलं खरं तत्त्वचिंतक, शून्यवादी पात्र कोणतं? बझारोव्ह की आणखी कुणी?

तुम्ही लिहिलंय की तुर्गेनेव्हच्या 'फादर्स अँड सन्स' कादंबरीतला बझारोव्ह वाचला, पण तो तत्त्वज्ञ कमी आणि बंडखोर डॉक्टर जास्त वाटला; नकाराचा विचार पार शेवटापर्यंत नेणारं पात्र हवंय. माझं उत्तर आहे दोस्तोयेव्हस्कीचा किरिलोव्ह. कादंबरी 'डेमन्स', काही इंग्रजी आवृत्त्यांवर 'द पझेस्ड' किंवा 'डेव्हिल्स' असं नाव दिसेल.

बझारोव्हबद्दल तुमच्याशी सहमत आहे. १८६२ सालचा हा तरुण बेडूक चिरतो, कवीपेक्षा रसायनशास्त्रज्ञ कितीतरी उपयोगी म्हणतो, कुणाचा अधिकार मानत नाही. पण त्याचा नकार जुन्या व्यवस्थेला आहे, जगण्याला नाही. गवताच्या गंजीच्या सावलीत पडल्यापडल्या तो म्हणतो, उद्या शेवटच्या शेतकऱ्यालाही चांगलं घर मिळेल आणि माझ्या अंगावर रानगवत उगवेल, मग पुढे काय? तेवढा एक क्षण तो किरिलोव्हच्या वाटेवर येतो.

'डेमन्स' १८७१-७२ मध्ये मासिकातून क्रमशः छापून आली. तिच्यामागे खरी घटना आहे. १८६९ मध्ये मॉस्कोत नेचायेव्ह या क्रांतिकारकाच्या गुप्त गटाने इवानोव्ह या आपल्याच विद्यार्थी साथीदाराचा खून केला आणि प्रेत तळ्यात टाकलं. कादंबरीत नेचायेव्हच्या जागी प्योत्र वेर्खोव्हेन्स्की आहे, इवानोव्हच्या जागी शातोव्ह. किरिलोव्ह या कटात नाही. तो पूल बांधणारा तरुण इंजिनिअर आहे, रात्र-रात्र चहा पीत विचार करत बसतो आणि व्याकरण मोडत तुटक बोलतो.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. माणसं आत्महत्या का करत नाहीत? वेदनेच्या भीतीने आणि परलोकाच्या भीतीने. तो निवेदकाला विचारतो, मोठ्या घराएवढा दगड तुमच्या डोक्यावर टांगलाय, तो पडला तर दुखेल का? दुखायला वेळच मिळणार नाही हे सगळ्यांना कळतं, तरी त्याच्याखाली उभा राहिलेला प्रत्येक जण, अगदी मोठा विद्वानसुद्धा, दुखेल म्हणून घाबरेल. किरिलोव्हच्या मते देव म्हणजे मृत्यूच्या भीतीची हीच वेदना. जो या भीतीवर मात करून, दुसरं कुठलंही कारण नसताना, निव्वळ आपल्या इच्छेने स्वतःला संपवेल, तो स्वतः देव होईल. आणि तिथून माणसाचा नवा इतिहास सुरू होईल.

नुसता हा सिद्धान्त ऐकला तर माणूस जीवनाला विटलेला वाटतो. पण तसं अजिबात नाही, आणि माझ्या दृष्टीने या पात्राचं सगळं मोठेपण इथे आहे. कादंबरीचा नायक स्ताव्रोगिन रात्री भेटायला येतो तेव्हा किरिलोव्ह घरातल्या एका लहान मुलाशी चेंडू खेळत असतो. तो झाडाच्या पानाबद्दल बोलतो: हिरवं, चकचकीत, शिरा असलेलं, उन्हातलं. भिंतीवर कोळी चालताना दिसला तरी आपण त्याचे आभार मानतो, म्हणतो. माणूस दुःखी आहे, कारण आपण सुखी आहोत हे त्याला माहीत नाही. इतकं सगळं चांगलं आहे आणि तरी देव नाही, हे त्याला सोसवत नाही. देव हवाच, म्हणून तो असायला हवा; पण तो नाही हे मला माहीत आहे; या दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात घेऊन जगता येत नाही, असं तो सरळ सांगतो. ज्याला कशाचंच काही वाटत नाही तो शून्यवादी, अशी आपली समजूत असते. किरिलोव्ह उलटा आहे, त्याला सगळ्याचंच फार वाटतं.

हे लिहिणारा लेखक २२ डिसेंबर १८४९ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या चौकात गोळीबार पथकासमोर शिक्षेची वाट पाहत उभा राहिला होता. ऐनवेळी ती रद्द झाली. त्याला अपस्माराचे झटकेही येत. किरिलोव्ह शातोव्हला सांगतो की कधीकधी पाचसहा सेकंदांपुरता त्याला विश्वाच्या पूर्ण सुसंवादाचा अनुभव येतो, आणि शातोव्ह त्याला सावध करतो की अपस्माराची सुरुवात अशीच होते.

आता शेवट (वाचायची असेल तर हा परिच्छेद सोडा). किरिलोव्हने आपला मृत्यू आधीच प्योत्रच्या गटाला कबूल केलेला असतो: मरायचंच आहे, तर तुमच्या सोयीच्या वेळी मरेन. प्योत्र शातोव्हचा खून करून येतो आणि तो किरिलोव्हच्या नावावर टाकणारी चिठ्ठी त्याच्याकडून लिहून घेतो. मानवजातीला मुक्त करणारं कृत्य एका खुन्याच्या बचावाचा कागद होतं. मग किरिलोव्ह शेजारच्या खोलीत जातो. बराच वेळ काहीच होत नाही. प्योत्र मेणबत्ती घेऊन आत शिरतो, तर किरिलोव्ह भिंत आणि कपाट यांच्यामधल्या सांदीत ताठ, निश्चल उभा, चेहरा पांढराफटक. प्योत्र जवळ जातो आणि किरिलोव्ह त्याच्या करंगळीचा कडकडून चावा घेतो. भीतीवर विजय मिळवायला निघालेला माणूस सांदीत अडकलेल्या जनावरासारखा झालेला असतो. दोस्तोयेव्हस्की इथे एकही प्रतिवाद करत नाही, नुसतं दाखवतो. फ्रेंच लेखक काम्यूने १९४२ च्या 'द मिथ ऑफ सिसिफस' या निबंधात किरिलोव्हचा तर्क फार आदराने उलगडला आहे. पण माझ्या मते ती सांद विसरून किरिलोव्ह समजत नाही.

त्याच्या आधीच्या रात्रीचा एक प्रसंगही नक्की वाचा. शातोव्हची सोडून गेलेली बायको अचानक परत येते, आजारी, दिवस भरलेली. शातोव्हकडे घरात काही नाही. तो किरिलोव्हचं दार वाजवतो. दोघं अमेरिकेत एकाच झोपडीत महिनोन् महिने जमिनीवर शेजारी-शेजारी पडून राहिलेले. आता शेजारी असूनही बोलत नाहीत. किरिलोव्ह आढेवेढे न घेता समोवार (चहाचं पाणी उकळायचं रशियन भांडं), चहा, साखर, पाव सगळं देऊन टाकतो आणि पैसेही देऊ करतो. देव नाही म्हणून मरायला निघालेला हा माणूस अख्ख्या गावात सगळ्यांत सरळ मनाने मदत करतो. हे त्याच्या कुठल्याही सिद्धान्तातून निघत नाही.

एक सूचना: पहिला भाग संथ आहे, म्हातारे स्तेपान त्रोफिमोविच पानंच्या पानं व्यापतात. तिथे कंटाळून पुस्तक ठेवू नका. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला 'रात्र' हे प्रकरण येतं, स्ताव्रोगिनच्या भेटीचं. तिथून कादंबरी पकड घेते. आणि ती वाचून झाली की दोस्तोयेव्हस्कीच्याच 'द ब्रदर्स कारामाझोव्ह'मधल्या इवान कारामाझोव्हकडे वळा. तोही अशाच प्रश्नांशी झगडतो, पण त्याची तक्रार वेगळी आहे: लहान मुलांच्या यातनांची.