चुलीच्या तड्यात सिमेंट भरावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: दिवाळीनंतर गावच्या घरातली मातीची चूल तडकली, मागच्या भिंतीलाही भेग गेली. मिस्त्री सिमेंट भरा म्हणतो, आजी माती लावा म्हणते. आणि थंडीत चुलीवर काय रांधावं? पुढे तुम्ही लिहिलं आहे, ‘आजी जुन्या वळणाची, तिचं काय ऐकायचं!’ हे वाचलं आणि उत्तर लिहायलाच बसले.

आजीचं ऐका. सिमेंट लावू नका.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात नांदते. २०१८ च्या डिसेंबर अखेरीस नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, त्याच हिवाळ्यातली गोष्ट. आमचे भाऊजी शहरातून पाहुणे घेऊन येणार होते, म्हणून दोन दिवस आधीच आले. चुलीला तडा दिसला. न्हाणीच्या कामातली अर्धी थैली सिमेंट पडून होती. त्यांनी तडा बुजवला, वरून सगळी चूल सिमेंटनं गुळगुळीत केली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, छपरीत उन्हाला तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. तेवढंच म्हणाल्या, “बापू, आगीजवळ ते टिकत नाही.” भाऊजी म्हणाले, “आई, तुले काय समजते त्यातलं?”

ती चूल आत्याबाईंनी स्वतः घातलेली होती. चाळीस वर्षं दर हिवाळ्यात त्याच तिला हात लावत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. मी तिथेच होते आणि मीही गप्प राहिले, हे मला अजून लागतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बारा माणसांची सोल्याची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी चढवली. पऱ्हाट्या म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं आणि बाभळीचं लाकूड, आर चांगला धरला होता. एकदम फाटकन आवाज झाला. सिमेंटची खपली जुनी माती घेऊनच सुटली, भाजीचा गंज, म्हणजे पातेलं, कलंडला, भाजी राखेत आणि रस्सा माझ्या पायावर. पाहुण्यांना गॅसवर पिठलं करून वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, हात गारठत असताना, सत्तरी ओलांडलेल्या आत्याबाईंनी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन ती चूल फोडली आणि नवीन घातली. भाऊजी आजही म्हणतात, “वहिनीनं लाकूड जास्त लावलं होतं.” लाकूड रोजच्याएवढंच होतं. सिमेंट घट्ट होताना पाणी आत धरून ठेवतं. मोठ्या आगीत ते पाणी निघून जातं आणि सिमेंट ठिसूळ होतं. हे त्यांना तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगते.

भिंतीचंही तसंच. आपली काळी माती पावसात फुगते आणि पाऊस गेला की आकसते. कपाशीच्या वावरात भेगा पडतात, तीच माती जोत्याखाली आहे. मातीची भिंत तिच्याबरोबर थोडी हलते, सिमेंट हलत नाही. ते सुटतं, मागे ओल धरतं आणि आतली भिंत भुसभुशीत करतं.

माती वारुळाची घ्या, नाहीतर पांढरी. काळी चुलीला अजिबात नको, ती वाळली की पुन्हा तडकणार. त्यात शेण आणि बारीक कुटार, म्हणजे भुसा, घालून दोन-तीन दिवस भिजू द्या, मग पायानं तुडवा. भेग खुरप्यानं आतपर्यंत मोकळी करा आणि पाणी शिंपडा. कोरड्या भेगेला ओली माती धरत नाही, ती पोपडा होऊन पडते. माती घट्टच हवी, अंगठ्यानं दाबून भरा. पहिला थर आवळला की दुसरा द्या, वरून सारवण. थंडीत वाळायला वेळ लागतो म्हणून लगेच जाळ करू नका. चार-पाच दिवस थांबा, मग आधी थोड्या काटक्याच पेटवा.

रांधायचं म्हणाल तर डिसेंबरात तुरीचे सोले भरले की दुसरं काही सुचू नये. सोले, हिरवी मिरची, लसूण तव्यावर भाजा, पाट्यावर जाडसर वाटा, फोडणीत घालून पाणी टाका आणि मंद आरावर रटरटू द्या. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. शेजारी ज्वारीची भाकर निखाऱ्याला लावून फुगवा. गॅसवरही होते, पण तशी लागत नाही.

भेग जोत्यापासून आढ्यापर्यंत गेली असेल किंवा भिंतीला पोट आलं असेल, तर मात्र मातीनं भागणार नाही, जाणता माणूस बोलवा. चूल छपरीतच ठेवा, धुरानं डोळे आणि छाती जाते. आणि थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची शेगडी दार लावून खोलीत ठेवून झोपू नका, त्यानं माणसं गेली आहेत.

वारूळ पाहायला आजीला सोबत न्या. कोणतं सोडलेलं आणि कोणत्यात साप असतो, हे तिला कळेल.