पंचवीस कॉलेजं की पाच?

प्रश्न : ताई, मी 2018 साली पुण्यातून बीडीएस झाले आणि इंटर्नशिपनंतर तीन वर्षं एका सरांच्या क्लिनिकमध्ये काम केलं. लग्न होऊन आता शिकागोजवळ नेपरव्हिलला आहे, एच-4 व्हिसावर (नवऱ्याच्या एच-1बी मुळे मिळतो तो). आयएनबीडीई, म्हणजे इथली डेंटल बोर्डाची परीक्षा, पास झालेय, टोफेलही झालीय. मार्चच्या सुमारास कॅपिडचे (परदेशी डेंटिस्टांनी एकाच ठिकाणाहून अनेक डेंटल कॉलेजांना अर्ज करायची सोय) अर्ज सुरू होतील. एका ग्रुपवर म्हणतात पंचवीस ठिकाणी टाक, दुसऱ्यावर म्हणतात पाचच टाक पण नीट टाक. ‘ड्रीम, मधली, सेफ’ असे तीन रकाने आखले, पण सेफमध्ये एकही नाव लिहिता येईना. यादी करायची तरी कशी?
– एक वाचक, नेपरव्हिल

उत्तर : तो रकाना रिकामा राहिला, म्हणजे तुला परिस्थिती बरोबर कळली आहे. परदेशात शिकलेल्या डेंटिस्टला दोन-तीन वर्षांत डीडीएस किंवा डीएमडी देणारे हे जे कोर्स आहेत, त्यांत ‘इथे तर मिळेलच’ असं एकही कॉलेज नसतं. (डीडीएस मोठं की डीएमडी, यावर वेळ घालवू नकोस. पदवी एकच, पाटी वेगळी.)

मी नागपूरच्या गव्हर्नमेंट डेंटलची. 2014 साली इथे न्यू जर्सीतल्या एडिसनला बसून पहिल्यांदा अर्ज केले, ते चौदा ठिकाणी. यादी कशी केली होती? एका सल्लागाराला पैसे देऊन. त्याने नामांकित कॉलेजं वरून खाली उतरवून दिली होती, बस्स. त्यातल्या दोन ठिकाणी ग्रीनकार्डाची अट होती. ती मी पैसे भरल्यावर वाचली. पहिल्या कॉलेजच्या अर्जाची फी जास्त, पुढच्या प्रत्येकाची कमी, असं करत करत रक्कम वाढते, आणि काही कॉलेजं वर स्वतःची वेगळी फी घेतात. पंचवीस ठिकाणी टाकायचं, तर आधी ही बेरीज करून बघ.

म्हणून नावाकडे नंतर बघ, आधी अटी वाच. व्हिसा चालतो का, बीडीएस किती जुनं असलं तर चालेल, टोफेलचे किमान गुण किती, भारतातल्या गुणपत्रिकांचं मूल्यांकन ईसीई या संस्थेचंच हवं की डब्ल्यूईएसचंही चालेल. एका संध्याकाळी एवढं केलंस की निम्मी नावं आपोआप गळतील.

मग पैसे आणि व्हिसा. याबद्दल ग्रुपवर कुणी धड बोलत नाही, म्हणून इथे थोडं थांबते. खासगी कॉलेजात फीच दोन लाख डॉलरच्या पुढे जाते. एच-4 वर सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही, आणि खासगी कर्जाला बहुतेक ठिकाणी नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला जामीनदार मागतात. नाहीतर भारतातली बँक आणि आईवडिलांचा फ्लॅट. दुसरं असं, की एच-4 वर शिकता येतं, पण शिक्षण संपल्यावर ओपीटी (काही काळ काम करायची परवानगी) मिळत नाही. तोपर्यंत नवऱ्याची आय-140 (कंपनीने ग्रीनकार्डासाठी केलेली याचिका) मंजूर होऊन तुला ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मिळालं तर ठीक, नाहीतर हातात पदवी असून घरी बसायची पाळी. त्यासाठी बऱ्याच मुली एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर जातात, पण मग पुरेसे पैसे असल्याचे कागद दाखवावे लागतात. हे वकिलाकडून आत्ताच समजून घे. उत्तर काय येतं त्यावर यादीतली महागडी नावं राहतील की जातील, ते ठरेल.

तुझ्यासाठी मी सुरुवात घराजवळून करेन. शिकागोतलं इलिनॉय विद्यापीठ तर दारातच आहे. इंडियानापोलिस गाडीने तीन तासांवर, मिशिगनचं अ‍ॅन आर्बर चारेक तासांवर. शनिवार-रविवार घरी येता येईल अशी ही अंतरं. सरकारी म्हणजे स्वस्तच असं धरू नकोस, या कोर्सला रहिवाशांची सवलत लागू आहे का ते प्रत्येक ठिकाणी विचार. मग लांबची मोठी खासगी कॉलेजं : बोस्टन, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसचं यूएससी, सॅन फ्रान्सिस्कोचं पॅसिफिक. पैशांचा मेळ बसत असेल तरच यातली दोन-तीन घे. सॅन फ्रान्सिस्कोचं कॅलिफोर्निया विद्यापीठ (यूसीएसएफ), फिलाडेल्फियाचं पेन, अशी एक-दोन नावं मनाच्या हट्टासाठी. सगळी मिळून आठ-दहा होतील. बोलावलं तर जाशील का, असं प्रत्येक नावाला विचार. ‘बघू’ असं उत्तर आलं, तर खोड. आणि नवरा ‘एवढ्या लांब?’ म्हणाला, तर ते नाव त्याने नाही, तू खोडायचं की ठेवायचं ते ठरव.

सेफच्या जागी एकच गोष्ट तुझ्या हातात आहे : लवकर अर्ज. बरीच कॉलेजं अर्ज येतील तसतसे वाचतात. माझी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून येणारी ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रिका) त्या वर्षी उशिरा पोचली, कारण मी मागितलीच उशिरा. तू या आठवड्यात माग. सरांचं शिफारसपत्रही. आपल्याकडे सर ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणतात, तेव्हा विनवणी करून त्यांनाच लिहायला लाव. तू कुठली केस कशी हाताळलीस, ते त्यांनाच ठाऊक.

मला चौदांपैकी एकाच ठिकाणाहून बेंच टेस्टला, म्हणजे नकली दातांवरच्या हातकामाच्या परीक्षेला, बोलावणं आलं. तिथे दात कापायला इलेक्ट्रिक हँडपीस होता. आपला हात हवेवर फिरणाऱ्या एअरोटरवर बसलेला, जास्त दाबलं की तो मंदावतो. इलेक्ट्रिक मंदावत नाही, कापत राहतो. माझ्या क्राउन कटिंगचा खांदा, म्हणजे जिच्यावर कॅप टेकते ती दाताची कड, वीस सेकंदांत गेला. पुढच्या वर्षी आठच अर्ज केले, आणि यादीत सातव्या नंबरवर असलेल्या कॉलेजात शिकले. बोलावणं आलं की कुठला हँडपीस असेल ते ईमेलने विचार. सांगतात.

टायपोडॉन्ट (सरावाचा नकली जबडा) आत्ताच घे आणि रोज एक क्लास टू (दाढेच्या बाजूच्या किडीचं कटिंग), एक क्राउन कर. जेवणाच्या टेबलाला क्लॅम्प लावताना खाली जाड रुमाल घाल. आमच्या टेबलावरचा वळ अजून गेलेला नाही.