हाफ मर्डर म्हटलं म्हणून पोरगं हिंडलग्याला जात नाही

ताई, तुमचं सगळं वाचलं. बहिणीचा मुलगा, सतरा नुकतीच पूर्ण झालेली, विसर्जनाच्या मिरवणुकीत डॉल्बीपुढं नाचण्यावरून दोन गणेश मंडळांच्या पोरांत जुंपली, एकाच्या डोक्यात रॉड बसला, रात्री पोलिसांनी तिघांना उचललं, त्यातले दोघे अठराच्या वरचे ते बेळगावच्या हिंडलगा जेलला आणि आपलं पोरगं रिमांड होममध्ये. वकील म्हणतोय हाफ मर्डर, म्हणजे खुनाचा प्रयत्न आहे, मोठ्या माणसासारखी केस चालणार. आणि बहिणीला एकच घोर, आर्मी भरतीचं काय. रॉड कुणी मारला ते तुम्ही लिहिलं नाही, बरं केलं, कुठंच लिहू नका.

मी हायस्कूलला मास्तर होतो, नंतर एक टर्म बाल न्याय मंडळावर सोशल वर्कर मेंबर. एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सोशल वर्कर, त्यातली एक तरी बाई, असं ते अठराखालच्या पोरांच्या केसेस चालवणारं मंडळ असतं. सुट्टीच्या दिवशी पोलीस पोराला एकट्या मेंबरपुढंही हजर करू शकतात, त्यामुळं अशी पोरं आणि बाहेर पायरीवर बसलेले आईबाप भरपूर बघितलेत.

आधी त्या हाफ मर्डरचं. पूर्वीचं आयपीसीचं कलम 307, आता 1 जुलै 2024 पासून बीएनएसचं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं 109. पोराला मोठ्या माणसासारखं चालवायचं तर दोन्ही गोष्टी लागतात, वय सोळा ते अठरा आणि गुन्हा 'हीनस', म्हणजे कायद्यात ज्याला कमीत कमी सात वर्षं शिक्षा लिहिलेली आहे तो. कमीत कमी, हे नीट बघा. 109 मध्ये दहा वर्षांपर्यंत, दुखापत झाली तर जन्मठेपेपर्यंत असं आहे, पण खालची मर्यादाच नाही. मग तो 'सीरियस' मध्ये येतो. सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये शिल्पा मित्तल केसमध्ये हेच सांगितलं आणि 2021 च्या दुरुस्तीत ते बाल न्याय कायद्यातच घातलं. तेव्हा फक्त 109 लागलं असेल तर मोठ्या माणसासारखी केस चालवायचा प्रश्नच येत नाही, वकिलाला हे विचारा आणि तो गडबडला तर वकील बदला. जिल्हा कायदेशीर सेवा प्राधिकरणाकडून पोराला फुकट वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. हां, जखमी पोराचं काही बरंवाईट झालं आणि कलम खुनाचं झालं तर गोष्ट वेगळी, मग मंडळ आधी पोराची समज, परिस्थिती वगैरे तपासून ठरवतं. तरी फाशी नाही, आणि सुटकेची आशाच नसलेली जन्मठेपही नाही.

आता वय. गुन्ह्याच्या दिवशीचं वय धरतात, पकडल्या दिवशीचं नाही. आणि पहिल्यांदा शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं मार्क्स कार्ड, ते नसेल तरच ग्रामपंचायत नाहीतर कॉर्पोरेशनचा दाखला, तोही नसेल तर हाडांची टेस्ट. आपल्याकडं निम्म्या पोरांची जन्मतारीख 1 जून असते, आम्ही मास्तरांनीच पहिलीत नाव घालताना टाकलेली की. तुमच्या पोराचं तसं असेल तर घाबरू नका, शाळेचं धरतात. फक्त दोन कागदांत दोन तारखा असतील तर ते आपणहून सांगा, समोरच्या बाजूनं काढलं की पोराचं सगळंच खोटं वाटायला लागतं.

पण खरं सांगू का, वकिलापेक्षा आणि कलमापेक्षा मंडळापुढं वजन कशाला असतं तर प्रोबेशन ऑफिसरच्या रिपोर्टला. घर कसं आहे, शाळा सुटली का, कुणाच्या नादाला लागलाय, घरात मारहाण होते का, हे सगळं त्यात येतं आणि दोन आठवड्यांत तो यायला पाहिजे. ऑफिसर घरी येतो तेव्हा लोक काय करतात, तर घर सारवून, देवापुढं दिवा लावून, "आमचा बाळ्या मुंगीसुद्धा मारत नाही" असं सांगतात. तो माणूस मग शेजारी विचारतो, शाळेत विचारतो, आणि बाप रोज संध्याकाळी पिऊन येतो हे त्याला तिथनंच कळतं. असे रिपोर्ट वाचले की आम्हाला वाटायचं, घरचेच लपवतायत तर ह्यांच्या ताब्यात द्यायचं कसं? उलट एक आई आली होती, ती म्हणाली साहेब हे माझं ऐकत नाही, रात्री बारापर्यंत मंडळाच्या मांडवात असतं, पण माझा भाऊ खानापूरला आहे, गॅरेज आहे त्याचं, तो ठेवून घेतो म्हणालाय, आणि भाऊ शेजारी उभाच होता. तिचं पोरगं त्याच दिवशी सुटलं. बहिणीला हे सांगा. खरं बोला आणि पुढं पोराचं काय करणार ते ठरवून जा.

आणि आपली सीमाभागातली नेहमीची अडचण, सगळे कागद कन्नडमध्ये. आईबाप मराठी, ऑफिसर भला असतो पण त्याचं मराठी कामचलाऊ, "ऐकत नाही" चं रिपोर्टात "आईवडिलांच्या हाताबाहेर गेलेला" होतं आणि आई खाली अंगठा देते. सही करायच्या आधी वाचून दाखवा म्हणायचं, गावातलं कन्नड येणारं एखादं शहाणं माणूस बसवायचं. मंडळापुढं पोराला भाषा कळत नसेल तर दुभाषा द्यायचा हे बाल न्याय कायद्याच्या कलम 8 मध्येच आहे, अर्ज करायचा, लाजायचं नाही. ह्यात कन्नड-मराठी वाद आणू नका, तिथं त्याचा काही उपयोग नाही. हेच भांडण पलीकडं महाराष्ट्रात शिनोळीला झालं असतं तर केस कोल्हापूर जिल्ह्यात गेली असती, तेव्हाही चौकशी संपून शेवटचा आदेश झाल्यावर दोन्हीकडच्या मंडळांनी विचार करून पोराला राहत्या जिल्ह्यात पाठवता येतं.

जामिनाचं म्हणाल तर गुन्हा बेलेबल आहे का नाही हे इथं बघतच नाहीत. सोडल्यावर पोरगं गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, किंवा त्याच्याच जिवाला, मनाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल, ह्यातलं काही असेल तरच अडवतात. म्हणून दुसऱ्या गणेश मंडळाच्या पोरांच्या घरी "मिटवून टाका" म्हणून जाणाऱ्या काकालोकांना आवरा. साक्षीदारावर दबाव आणला असं लिहिलं गेलं की तुमचाच जामीन लटकतो.

गावात लोक बोलतायत ना, पुण्यात पोर्शे गाडीनं दोघांना उडवणाऱ्या अल्पवयीन पोरानं निबंध लिहिला आणि सुटला, हा पण सुटेल. 19 मे 2024 च्या त्या केसमधला तीनशे शब्दांचा निबंध ही जामिनाची अट होती, शिक्षा नव्हे, आणि नंतर त्याला ऑब्झर्व्हेशन होममध्ये, म्हणजे रिमांड होममध्ये पाठवलं होतंच. दोन जीव गेल्यावर लोकांना राग येणार हे मला मान्य आहे, माझंही डोकं फिरलं होतं. पण त्या रागाचं बिल आमच्याकडं आलेल्या मोबाईलचोर पोरांनी भरावं हे मला कधी पटलं नाही.

आर्मीचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर गावात असल्यावर प्रत्येक घरात हा प्रश्न येणारच. मंडळानं दोषी धरलं तरी त्यावरून पुढं नोकरीला अपात्र ठरवायचं नाही, अपिलाची मुदत गेली की रेकॉर्ड नष्ट करायचं, असं बाल न्याय कायद्याचं कलम 24 म्हणतं. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं रमेश बिश्नोईच्या केसमध्ये, सीआयएसएफची नोकरी होती ती, लहानपणच्या केसवरून नोकरी नाकारू नका म्हणून सांगितलंय. केस चालू असताना मात्र अडतं, म्हणून तारखा वाढवून घेऊ नका, चार महिन्यांत संपवायची असं कायदाच सांगतो. व्हेरिफिकेशनचा फॉर्म वकिलाला दाखवूनच भरा.

गणेश मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोराचा फोटो फिरतोय म्हणालात, तो आजच काढायला लावा. अशा पोराची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अॅडमिनला एवढं सांगितलं तरी पुरे. आणि मिरवणुकीला तो मामाची बाईक घेऊन गेला होता ते वेगळंच लफडं आहे, मोटार वाहन कायद्याच्या 199ए खाली गाडीमालकाला पंचवीस हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि बारा महिने रजिस्ट्रेशन रद्द होऊ शकतं, मामांना सांगून ठेवा.

तारखेला शाळेचा दाखला, मार्क्स कार्ड, आधार आणि पोराला ठेवून घेणारा तो नातेवाईक, एवढं घेऊन जा. झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवून परत घ्या.