इंटरनेट आणि राउटर नसताना जवळचे मोबाईल एकमेकांच्या सेवा कशा शोधतात? घरी चालतं, मग जत्रेत का चालत नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जत्रेच्या रात्री मोबाईलचं नेटवर्क झोपतं, म्हणून तुम्ही वीसेक स्वयंसेवकांसाठी ॲप लिहिलंय. प्रथमोपचाराची पेटी कोणाकडे, हरवलेलं मूल कोणापाशी बसवलंय, पाण्याचा टँकर कुठे, हे जवळपासच्या फोनांवर आपोआप दिसावं. एका फोनचा हॉटस्पॉट आणि त्यावर एमडीएनएस, म्हणजे एकाच नेटवर्कवरच्या यंत्रांनी मधल्या सर्व्हरशिवाय एकमेकांची नावं आणि सेवा शोधायची पद्धत. घरी झकास चाललं, देवळापुढे मात्र कोणालाच कोणी दिसेना. शोधनिबंधांत वाचलेली, हॉटस्पॉटशिवाय फोन थेट जोडायची कल्पना चालेल का, हेही तुम्हाला हवंय.

मी गोव्यातल्या डिचोलीकडचा, अँड्रॉइडची ॲप्स लिहून पोट भरतो, आणि आमच्या गावच्या जत्रेसाठी हाच उद्योग एकदा करून बसलोय. म्हणून आधी तुमच्या कोडकडे बघू.

पहिला संशय मल्टिकास्ट लॉकवर, म्हणजे सगळ्यांना उद्देशून आलेली (मल्टिकास्ट) पॅकेटं ऐकू दे असं ॲपने फोनला सांगायच्या सोयीवर. एमडीएनएसचा सगळा कारभार २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, यूडीपीच्या ५३५३ पोर्टवर चालतो. ही सगळ्यांना मारलेली हाक असते, आणि बॅटरी वाचवायला फोनची वायफाय चिप आपल्या नावाने न आलेली अशी पॅकेटं बाहेरच्या बाहेर टाकून देते. जेएमडीएनएससारखी लायब्ररी वापरत असाल आणि ॲपने लॉक घेतला नसेल, तर हाक कानापर्यंत पोचतच नाही. दुसरं, हॉटस्पॉटला इंटरनेट नाही हे लक्षात आलं की अँड्रॉइड बाहेरची वाट मोबाईल डेटावरच ठेवतो आणि तुमचं सॉकेट, म्हणजे ॲपचं नेटवर्कशी बोलायचं दार, त्या तुंबलेल्या टॉवरकडे तोंड करून बसतं. ते मुद्दाम वायफायच्या नेटवर्कला बांधावं लागतं.

तिसरी गोष्ट तुमच्या हातात नाही. वायफायवर मल्टिकास्ट पॅकेटला पोच मिळत नाही. हरवलं तर हरवलं, कोणी पुन्हा पाठवत नाही. घरात हे खपून जातं. जत्रेत हजारभर खिशांतल्या फोनांचा गोंगाट असतो, आणि मधे माणसं. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणूस म्हणजे बऱ्याच अंशी पाणीच. खाज्याच्या दुकानांपुढची गर्दी ही तुमच्या ॲपच्या दृष्टीने भिंत आहे.

आता मूळ प्रश्न. आपल्याकडे सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंगा वाजवत येतो. उंडे (गोल पाव) आहेत का असं विचारत आपण वाड्यावर फिरत नाही. तो वाजवतो, आपण ऐकतो. पण दुपारी अचानक पाहुणे आले आणि नारळ कमी पडला, तर कुंपणावरून शेजारी हाक मारावी लागते. जवळची सेवा शोधायचे एवढेच दोन प्रकार: सेवा देणाऱ्याने वाजवत राहायचं, किंवा हवं असलेल्याने विचारायचं. एमडीएनएस दोन्ही करतं. फोन आला की निदान दोनदा आपली घोषणा करतो, आणि पुढे कोणी विचारलं तर सांगतो. ॲपलने हे २००२ साली आणलं, २००५ पासून त्याला बॉन्जूर म्हणू लागले, आणि २०१३ मध्ये ते आरएफसी, म्हणजे इंटरनेटचे लिखित नियम, ६७६२ व ६७६३ म्हणून प्रमाण झालं. घरातला प्रिंटर सापडावा हा त्यामागचा विचार. प्रिंटर कपाटावर बसतो, जत्रेत फिरत नाही.

इथेच माझं घोडं पेंड खाऊ लागलं. रायबंदर-चोडण फेरीबोटीवर मी चाचणी घेत होतो. हॉटस्पॉट माझ्याच एका जुन्या फोनवर, तो आणि माझा नेहमीचा फोन माझ्यासोबत बोटीत. भाचा त्याचा फोन घेऊन रायबंदरच्या धक्क्यावर उभा, त्याच्या सेवेचं नाव ‘पेटी-३’. बोट सुटली, धक्का लांब गेला, त्याचा फोन हॉटस्पॉटवरून सुटला. चोडणला उतरलो तरी माझ्या यादीत ‘पेटी-३’ ठणठणीत. दाबलं की नुसतं चाक फिरायचं. पुढे चहा झाला, पाव-भाजी झाली, पेटी हटेना.

कारण नियमातच आहे. ज्या नोंदीत यंत्राचा पत्ता असतो तिचं आयुष्य साधारण १२० सेकंद ठेवायला सांगितलंय. पण ‘या प्रकारची सेवा या नावाने आहे’ या नोंदीचं ७५ मिनिटं. म्हणजे दोन मिनिटांत पत्ता पुसला जातो आणि नाव सव्वा तास लोंबकळत राहतं. जाताना ‘मी निघालो’ असं सांगायची सोय आहे, आयुष्य शून्य लिहून नोंद पाठवायची. पण ती ॲप नीट बंद करणाऱ्याने. गर्दीत चालत दूर गेलेला किंवा बॅटरी संपलेला माणूस निरोप घेत नाही.

बरं, पुन्हा विचारून खात्री करावी, तर तिथेही गंमत आहे. गोंगाट कमी व्हावा म्हणून विचारणारा फोन प्रश्नासोबत आपल्याला आधीच ठाऊक असलेली नावं जोडतो, आणि नोंदीचं निम्मं आयुष्य शिल्लक असेपर्यंत त्या नावांचे धनी गप्प बसतात. म्हणून ‘पेटी-३’ गप्प आहे ती जवळ असल्यामुळे की गेल्यामुळे, हे कळायला मार्ग नाही. प्रिंटरसाठी ही युक्ती उत्तम आहे. प्रथमोपचाराची पेटी शोधणाऱ्याला ती घातक आहे, कारण तो नसलेल्या माणसाच्या दिशेने धावत सुटतो. माझं स्पष्ट मत सांगतो: फिरत्या फोनांत सेवा सापडणं हे अर्धंही काम नाही, गेलेली सेवा वेळेत विसरणं हे खरं काम. तुमची रचना तिथून सुरू करा.

त्यासाठी मी ब्लूटूथ लो एनर्जीवर गेलो, म्हणजे पोदेराच्या पद्धतीवर. प्रत्येक फोन ठरावीक वेळाने छोटं पॅकेट सोडतो. जोडणी नाही, हॉटस्पॉट नाही, आणि हॉटस्पॉटवाला जेवायला गेला म्हणून सगळं कोसळायची भीतीही नाही. ही पॅकेटं ३७, ३८, ३९ या तीन चॅनलांवर जातात आणि ते वायफायच्या १, ६, ११ या नेहमीच्या चॅनलांच्या फटींत बसवलेले आहेत, त्यामुळे गर्दीतही टिकतात. जागा मात्र चिमूटभर. जुन्या पद्धतीच्या पॅकेटात ३१ बाइट. त्यातले ३ फ्लॅग्जचे (ठरलेल्या खुणांचे), १८ तुमच्या १२८ बिटी यूयूआयडीचे (तुमच्या ॲपच्या वेगळ्या ओळखक्रमांकाचे) आणि त्याच्या शीर्षकाचे. उरले १०. मी एक बाइट आवृत्तीला दिला, एक सेवांना (प्रत्येक बिट एक सेवा, आठ पुष्कळ झाल्या), चार फोनच्या ओळखीला, एक चालू क्रमांकाला. तीन मोकळे ठेवले.

फोनची ओळख पॅकेटातच घाला, ब्लूटूथच्या पत्त्यावर विसंबू नका. माग काढता येऊ नये म्हणून फोन तो पत्ता दर पंधराएक मिनिटांनी बदलतात. मी आधी पत्त्यावरच यादी बांधली होती आणि एकाच टँकरचे रात्रीत चार टँकर झाले.

आता विसरायचं किती वेळाने? फोन सेकंदाला एकदा वाजवतो आणि ऐकणारा बॅटरीसाठी दहातला एक भाग वेळ कान उघडे ठेवतो असं धरा. ढोबळ हिशेबाने एक हाक ऐकू येण्याची शक्यता दहात एक. १० सेकंदांत एकही न ऐकण्याची शक्यता शंभरात ३५, ३० सेकंदांत शंभरात ४, ६० सेकंदांत हजारात २. म्हणून १० सेकंदांनी नाव काढलं तर जवळचीच माणसं लुकलुकत राहतील. मी ३० सेकंदांनी नाव फिकं केलं, शेजारी ‘४० सेकंदांपूर्वी’ असं लिहिलं, आणि ९० सेकंदांनी काढून टाकलं. स्वयंसेवकांना ते फिकं नाव बरोबर समजलं, कोणाला शिकवावं लागलं नाही.

दोन खड्डे सांगून ठेवतो. ३० सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा स्कॅन (हाका ऐकणं) सुरू केलात तर अँड्रॉइड गुपचूप निकाल देणं थांबवतो, चूकही दाखवत नाही. आणि अँड्रॉइड ८.१ पासून फिल्टर न लावलेला स्कॅन स्क्रीन बंद झाली की थांबतो. तुमच्या यूयूआयडीचा फिल्टर लावाच.

वायफाय अवेअर नावाचा सुबक पर्याय आहे: सगळे फोन साधारण अर्ध्या सेकंदाने एकदा, ठरल्या क्षणी, मोजक्या मिलिसेकंदांसाठी एकत्र जागे होतात. पोदेर यायच्या वेळीच दार उघडावं तसं. अँड्रॉइड ८ पासून सोय आहे, पण चिपने साथ दिली पाहिजे. आमच्या १४ फोनांत ती ३ फोनांत होती. विषय संपला.

तुम्ही वाचलेल्या शोधनिबंधांतलं खरं ॲड-हॉक वायफाय, म्हणजे हॉटस्पॉटशिवाय थेट फोन ते फोन, साध्या अँड्रॉइड ॲपला उपलब्ध नाही, त्यामुळे एओडीव्ही या फोनाफोनांतून वाट काढायच्या पद्धतीच्या मार्ग शोधणाऱ्या पॅकेटातच सेवेचं नाव घुसडायची कल्पना प्रोजेक्टच्या अहवालात लिहा, जत्रेत नको. प्रत्येकाने ऐकलेलं पुढे ओरडावं असं केलंत तर वीसांत निभेल. दाट गर्दीत सगळ्यांनीच पुढे ओरडल्यावर काय गोंधळ होतो हे १९९९ पासून नोंदलेलं आहे, ब्रॉडकास्ट वादळ म्हणतात त्याला. एक उडी (एका फोनवरून पुढच्या फोनवर) पुरे, फार तर दोन. माझ्या मोकळ्या तीन बाइटांतला एक त्या मोजणीला गेला. आणि दुसऱ्या उडीवरून आलेल्या नावाचं वय पहिल्या उडीपासूनच मोजा, नाहीतर भुतं परत येतात.

चाचणी टेबलावर फोन मांडून घेऊ नका. एक सदऱ्याच्या खिशात, एक पिशवीत पाण्याच्या बाटलीला टेकवून, एकाची बॅटरी मुद्दाम १० टक्क्यांवर. एकाला धक्क्यावर ठेवा, बाकीचे फेरीबोटीत चढा, आणि प्रत्येक फोनवर त्याचं नाव कितव्या सेकंदाला गेलं ते कागदावर लिहा.