अमेरिकेतल्या घराचा सातबारा कुठे मिळतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेल्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये घर घेतलं, मागच्या अंगणात एडीयू (मुख्य घराच्या आवारातलं छोटं वेगळं घर) बांधायचं आहे, आणि शेजारी सांगतात की कुंपणालगतच्या पट्ट्यातून पाइपलाइन गेलीये, तिथे बांधकाम चालणार नाही. काउंटीच्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याच्या, साइटवर पत्ता टाकला तर कराचा आकडा आणि एक नकाशा, एवढंच निघतं. वर पुण्याहून बाबा विचारत असतात, "अगं, उतारा काढलास का?"

बाबांना आधी सांगून टाका की इथे उतारा नसतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढलं की निदान उलट सिद्ध होईपर्यंत ते खरं मानलं जातं. कॅलिफोर्नियात कुठलंही सरकारी ऑफिस 'या जागेचा मालक अमुक' असं एका पानावर लिहून देत नाही. काउंटी फक्त कागद नोंदवते आणि जपते. कोणी कोणाला विकलं, कोणी कर्ज काढलं, ते कधी फिटलं, कोणाच्या हुकूमनाम्याचा बोजा चढला, हे सगळे दस्त आले त्या क्रमाने ठेवलेले असतात. त्यांची साखळी जुळवून मालकी कोणाची आणि तिच्यावर कोणाचे हक्क, हे ज्याने त्याने वाचून ठरवायचं. वाचण्यात काही राहून गेलं तर नुकसान भरून मिळावं म्हणून तर टायटल इन्शुरन्सचा एवढा मोठा धंदा उभा आहे. (मिनेसोटा आणि मॅसॅच्युसेट्समध्ये काही जमिनींना मालकीचं नोंदणी प्रमाणपत्र मिळतं. कॅलिफोर्नियातही तशी पद्धत होती, ती १९५५ मध्ये रद्द झाली.)

आता साइटवर तुम्हाला जे दिसलं ते असेसरचं. असेसरचं काम कर आकारणीपुरतं. त्याच्या नकाशावर प्लॉटची रेघ दिसते, पण ती हद्दीचा पुरावा नाही. तिथे दाखवलेली किंमतही बाजारभाव समजू नका. १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे आकारणी मूल्य वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढतं आणि घर विकलं गेलं की नव्याने ठरतं. त्यामुळे एकाच गल्लीत, एकाच मापाच्या दोन घरांच्या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसेल. असेसरकडून तुम्हाला एकच गोष्ट हवी आहे, एपीएन म्हणजे पार्सल क्रमांक. तो टॅक्स बिलावरही असतो.

दस्त असतात क्लर्क-रेकॉर्डरकडे. तुमच्या अलामेडा काउंटीत हे ऑफिस ओकलंडला, मॅडिसन स्ट्रीटवर आहे. असेसरचं ऑफिसही जवळच ओक स्ट्रीटवर, म्हणून लोक एका दारातून दुसऱ्या दारात हेलपाटे घालतात.

पण ओकलंडला जायच्या आधी घरबसल्या एक काम करा, निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. घर घेताना एस्क्रोवाल्यांनी (व्यवहाराचे पैसे आणि कागद सांभाळणारी त्रयस्थ कंपनी) 'प्रिलिमिनरी टायटल रिपोर्ट', थोडक्यात प्रिलिम, नावाचं पीडीएफ पाठवलं असेल. सह्यांच्या गर्दीत ते कोणीच वाचत नाही. त्यात 'एक्सेप्शन्स' नावाची क्रमांकवार यादी असते. सुरुवातीचे दोन-चार मुद्दे कराचे, मग ईझमेंट (दुसऱ्याच्या जागेचा ठरावीक कामापुरता वापर करायचा हक्क), सीसी अँड आर (जागेच्या वापरावर घातलेल्या, नोंदवलेल्या अटी) आणि बाकीचे हक्क. प्रत्येकापुढे तो दस्त कधी नोंदवला आणि त्याचा क्रमांक काय हे लिहिलेलं असतं. पाइपलाइनचा हक्क नोंदलेला असेल तर तो बहुधा इथेच सापडेल. हल्लीच्या रिपोर्टात त्या क्रमांकांवर लिंकही असते, क्लिक केलं की मूळ दस्त उघडतो. लिंक चालत नसेल तर ज्या टायटल कंपनीची पॉलिसी आहे तिच्या कस्टमर सर्व्हिसला ईमेल करा, "आमच्या प्रिलिममधल्या अमुक-तमुक मुद्द्यांचे मूळ दस्त पाठवा." बहुतेक वेळा आढेवेढे न घेता पाठवतात.

प्रिलिम हाताशी नसेल तर मग रेकॉर्डरची सूची. ही सूची पत्त्यावर चालत नाही आणि सगळे अडखळतात ते इथेच. ती चालते नावावर: देणारा तो ग्रँटर, घेणारा तो ग्रँटी. म्हणजे आधी स्वतःचं नाव ग्रँटी म्हणून शोधायचं, सापडलेल्या ग्रँट डीडमध्ये, म्हणजे खरेदीखतात, विकणाऱ्याचं नाव बघायचं, मग तो विकणारा ग्रँटी कधी होता ते शोधायचं, असं एकेक पायरी मागे जायचं. नावांच्या बाबतीत चिवट राहा. आपल्या लोकांची मधली नावं कधी असतात, कधी गळतात, आडनाव आणि पहिलं नाव यांची अदलाबदल झालेली असते. घर ट्रस्टच्या नावावर असेल तर सूचीत ट्रस्टीचं नाव असू शकतं. नवीन दस्तांना वर्षापासून सुरू होणारा क्रमांक असतो, जुन्यांना 'बुक-पेज' किंवा 'रील-इमेज'. प्रिलिममध्ये रील असं दिसलं तर गोंधळू नका, तो मायक्रोफिल्मच्या काळातला पत्ता आहे.

सूची ऑनलाइन बघता येते, दस्ताची प्रत मात्र पैसे भरून मागवायची. ऑफिसात जाऊन, पोस्टाने, शिवाय ऑनलाइन सोयही असते. दर पानांवर ठरतो, तो त्यांच्या फी-तक्त्यात बघून घ्या. तुमच्या कामाला साधी प्रत पुरे. शिक्क्याची, म्हणजे सर्टिफाइड प्रत कोर्टात किंवा दुसऱ्या सरकारी कामात लागते, नुसतं वाचायला नाही. 'हे का हवंय' असं कोणी विचारणार नाही, आणि विचारलं तरी कारण सांगायची गरज नाही. दस्त सार्वजनिक आहेत, शेजाऱ्याचेही बघता येतात. सोशल सिक्युरिटी नंबर असेल तर सार्वजनिक प्रतीत त्याचे शेवटचे चारच आकडे ठेवतात.

फक्त डीड काढून थांबू नका. डीडमध्ये बहुतेकदा एवढंच असतं: 'ट्रॅक्ट अमुक, लॉट तमुक, नकाशांच्या बुक अमुकच्या पान तमुकवर नोंदलेल्या मॅपप्रमाणे'. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या ट्रॅक्ट मॅपमध्ये असण्याची शक्यता जास्त. बिल्डरने जमिनीचे प्लॉट पाडले तेव्हाचा हा नकाशा. त्यावर पीयूई, म्हणजे वीज, पाणी, गटार यांच्यासाठी राखलेले पट्टे, तुटक रेघांनी आणि फुटांच्या मापासकट काढलेले असतात. असा हक्क नकाशानेच निर्माण झालेला असेल तर वेगळा ईझमेंट दस्त शोधत बसलात तरी सापडणार नाही, कारण तो नसतोच. मॅपची प्रतही जरूर घ्या.

फ्रीमाँटमध्ये आणखी एक गोष्ट तपासा. सॅन फ्रान्सिस्कोला हेच हेची धरणाचं पाणी नेणाऱ्या बे डिव्हिजन पाइपलाइन्स तुमच्याच शहरातून, आयर्व्हिंग्टनच्या बाजूने निघतात. त्या पट्ट्याची मालकी बऱ्याच ठिकाणी सॅन फ्रान्सिस्को शहराचीच आहे. शेजारी ज्या पाइपलाइनबद्दल बोलतायत ती ही असेल, तर तो तुमच्या जागेवरचा ईझमेंट नसून कुंपणापलीकडची वेगळीच जमीन असू शकते. मग प्रश्न 'तिथे बांधू का' असा उरतच नाही, कुंपण बरोबर जागी आहे का, असा होतो. त्याचं उत्तर कागदावर मिळणार नाही, त्याला परवानाधारक लँड सर्व्हेयर लागतो. आधी कोणी मोजणी करून 'रेकॉर्ड ऑफ सर्व्हे' नोंदवला असेल तर तो काउंटी सर्व्हेयरकडे मिळतो, त्याने नव्या मोजणीचा खर्च थोडा हलका होतो.

उलट पट्टा तुमच्याच जागेत असेल आणि दस्त फार जुना असेल, तर कधी कधी त्यात रुंदीच लिहिलेली नसते. अशा वेळी ज्या संस्थेचा हक्क आहे तिच्या ईझमेंट विभागाला लेखी विचारा. त्यांना तो नकोच असेल तर ते हक्क सोडूनही देतात. पण सोडल्याचा कागद रेकॉर्डरकडे नोंदवला गेला पाहिजे, नाहीतर पुढच्या खरेदीदाराच्या प्रिलिममध्ये भूत पुन्हा उभं.

जुने सीसी अँड आर वाचताना १९४०च्या आसपासच्या काही दस्तांत 'गोऱ्यांखेरीज कोणी राहू नये' अशा अटी सापडतात, त्यात आपणही आलो. १९४८ च्या शेली विरुद्ध क्रेमर निकालानंतर त्या कोर्टातून लागू करता येत नाहीत, आणि कॅलिफोर्नियाच्या २०२१ च्या कायद्याने असा मजकूर शोधून झाकण्याचं काम काउंटी रेकॉर्डरांवर सोपवलं आहे. पण वाचताना पोटात गोळा येतोच.

बाबांना आणखी एक शंका असेल: डीडवर किंमत का नाही? कॅलिफोर्नियात ती लिहीत नाहीत, पण हस्तांतरण कर लिहितात, आणि तो काउंटीत हजार डॉलरला १ डॉलर १० सेंट. म्हणजे फ्रीमाँटच्या डीडवर कर १,६५० डॉलर दिसला की किंमत १५ लाख डॉलर. (ओकलंड, सॅन होजेसारख्या शहरांचा स्वतःचा वेगळा कर असतो, तिथे कुठला आकडा काउंटीचा ते बघून गणित करा.) भारतात परतायचा विचार असेल तर क्लोजिंग स्टेटमेंट (खरेदीच्या वेळचा हिशेबाचा कागद) जपून ठेवा. तिथे करासाठी 'सामान्य रहिवासी' ठरल्यावर आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची खरेदीची तारीख आणि रक्कम द्यावी लागते, आणि रक्कम डीडवर नसते.

घर घेतल्यावर 'तुमच्या डीडची प्रमाणित प्रत, शंभरेक डॉलर पाठवा' असं सरकारी थाटाचं पत्र आलं असेल किंवा येईल. ते खाजगी कंपनीचं असतं, सरळ केराच्या टोपलीत टाका. नोंदवलेलं मूळ डीड तुम्हाला तसंही पोस्टाने येतं, आणि प्रत काउंटीकडून त्या रकमेच्या काही अंशात मिळते.

इतर राज्यांतल्या मंडळींसाठी दोन ओळी, कारण ऑफिसांची नावं आणि वाटण्या सगळीकडे वेगळ्या. न्यू जर्सीत एडिसनवाल्यांचं डीड मिडलसेक्स काउंटी क्लर्ककडे, पण असेसर गावाचा. कनेक्टिकटमध्ये काउंटी विसरा, टाउन क्लर्ककडे जा. बॉस्टनलगतच्या मिडलसेक्स काउंटीत केंब्रिज आणि लोवेल अशा दोन रजिस्ट्री आहेत. टेक्सासमध्ये फ्रिस्को कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत पसरलंय, आपलं घर कुठल्या बाजूला ते आधी बघा. न्यूयॉर्क शहरात एसीआरआयएस या शहराच्या साइटवर दस्त फुकट दिसतात, फक्त स्टॅटन आयलंडचे तिथे नाहीत.

राहता राहिलं परमिट. मागच्या मालकाने काही बांधलं असेल तर त्याची नोंद रेकॉर्डरकडे मिळणार नाही, ती फ्रीमाँट शहराच्या बिल्डिंग विभागात. परमिटचा इतिहास सहज मिळतो. मूळ प्लॅन मात्र ऑफिसात बसून बघता येतात, पण त्यांची प्रत हवी असेल तर ज्याने ते काढले त्या आर्किटेक्टची किंवा इंजिनीयरची लेखी परवानगी लागते. त्या पत्रव्यवहारात वेळ जातो, तेव्हा हा अर्ज आजच टाका आणि तोवर प्रिलिम वाचून काढा.