मानसशास्त्र विज्ञान कशामुळे ठरतं? हान्स घोड्याचं उदाहरण

मन दिसत नाही, मोजता येत नाही, मग मानसशास्त्र आणि ज्योतिष यांत फरक तो काय, असा तुमचा प्रश्न. रास्त आहे. ‘मानसशास्त्राच्या प्रयोगशाळा असतात’ हे नेहमीचं उत्तर मला मात्र पुरेसं वाटत नाही.

प्रयोगशाळा जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्येच लाइपझिगला काढली होती. पण पुढे त्या परंपरेतल्या आत्मनिरीक्षणाचं, म्हणजे स्वतःच्या मनात काय चाललंय ते स्वतःच पाहून सांगण्याच्या पद्धतीचं, काय झालं? विचार करताना मनात प्रतिमा असतेच, असं वुंट यांचे शिष्य टिचनर म्हणत. जर्मनीतल्याच वुर्झबर्गच्या मानसशास्त्रज्ञांना प्रतिमेविना विचार सापडत. आपापल्या मनात डोकावणाऱ्या दोघांत खरा कोण, हे तिसऱ्याने ठरवायचं कसं? उपकरणं असूनही गाडं अडलं.

माझ्या मते खरं उत्तर बर्लिनच्या एका अंगणात मिळतं. फोन ऑस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकांचा हान्स हा घोडा खूर आपटून बेरजा, अपूर्णांक, तारखा सांगायचा. फोन ऑस्टेन खेळाचे पैसे घेत नसत. १९०४ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या नेतृत्वाखाली तपासासाठी समिती बसली. तीत सर्कसवाला होता, प्राणिसंग्रहालयाचा संचालक होता. म्हणजे जनावरांच्या करामती कोळून प्यायलेली माणसं. त्यांना लबाडी सापडली नाही. आणि गंमत म्हणजे लबाडी खरोखरच नव्हती! मालक जवळ नसतानाही हान्स परक्यांना बरोबर उत्तरं देई. ‘लबाडी नाही’ यावरून ‘म्हणजे घोड्याला गणित येतं’ ही उडी मात्र लोकांनी मारली.

श्टुम्फ यांचे सहकारी ऑस्कर फुंग्स्ट यांनी साधी युक्ती केली. आकड्याचं कार्ड घोड्याला दाखवायचं, पण विचारणाऱ्याने ते स्वतः पाहायचं नाही. हान्सचं गणित तिथेच कोलमडलं. विचारणारा दिसू नये अशी झापडं लावली, तरी तेच. मग कारण उलगडलं: प्रश्न विचारून झाला की माणूस खुराकडे बघायला किंचित वाकतो आणि अपेक्षित आकडा आला की त्याचं डोकं नकळत वर होतं. घोडा तेवढंच टिपत होता. आपल्या नंदीबैलवाल्याला कुठला इशारा दिला की मान हलते हे पक्कं ठाऊक असतं. फोन ऑस्टेनना ते ठाऊकच नव्हतं.

याच्या पुढचा भाग बहुतेक जण सांगत नाहीत, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फुंग्स्ट स्वतः घोडा झाले. प्रयोगशाळेत माणसांना मनात आकडा धरायला सांगून ते हाताने ठोके देत. २५ पैकी २३ जणांनी नकळत तसाच इशारा दिला. इतकंच नव्हे, गुपित कळल्यावरही हान्ससमोर स्वतःचा इशारा खुद्द फुंग्स्टना थांबवता येईना. म्हणजे प्रामाणिकपणा, हुशारी, सावधपणा यांतलं काहीच पुरत नाही. म्हणून तपासणाऱ्यालाच उत्तर कळणार नाही अशी रचना करावी लागते. मानसशास्त्राचं विज्ञानपण मी या रचनेत बघतो, पांढऱ्या कोटात नाही. (फोन ऑस्टेनना निष्कर्ष शेवटपर्यंत पटला नाही, ते सोडा.)

ज्योतिषाचं म्हणाल, तर हीच कसोटी जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात लावून पाहिली. २०० पत्रिका: निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. कोणती कुणाची हे सांकेतिक क्रमांकांमागे बंद. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर; नाणं उडवून सुमारे ५० टक्के आली असती.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी हस्ताक्षरावरून स्वभाव किंवा डोळे बांधून वाचन असा दावा केला, तर ‘यात फसवणूक आहे का’ हे नंतर विचारा. खोलीत हजर असलेल्यांपैकी उत्तर आधीपासून कुणाला माहीत होतं, हे आधी विचारा.